शरीरसंबंधाच्या वेळी दुखणे: कारणे, तपासणी आणि उपचार

शरीरसंबंधाच्या वेळी किंवा त्यानंतर योनीमार्गात, जागेवर किंवा ओटीपोटात वारंवार दुखणे याला वैद्यकीय भाषेत ‘डिस्पॅरुनिया’ म्हणतात. ही तक्रार कोणत्याही वयात होऊ शकते. नवविवाहितेला, बाळंतिणीला, चाळिशीतल्या स्त्रीला, पाळी गेलेल्या स्त्रीला आणि पुरुषांनाही ती होते. बहुतेक वेळा तिच्यामागे शोधता येईल असे कारण असते आणि त्यावर उपचारही असतो.

अडचण अशी, की ही तक्रार डॉक्टरांपर्यंत पोहोचतच नाही. जालना जिल्ह्यातल्या ग्रामीण रुग्णालयाच्या ओपीडीत आलेली स्त्री ‘कंबर दुखते’, ‘अंगावरून पांढरं जातं’, ‘ओटीपोटात ओढल्यासारखं होतं’ असे सांगते. मूळ त्रास संबंधाच्या वेळचा असला तरी सोबत सासू किंवा नणंद असते, बाहेर रांग असते आणि विषय तिथेच संपतो. मग केवळ पांढऱ्या पाण्याच्या गोळ्या मिळतात, दुखणे तसेच राहते आणि कधीतरी कोणीतरी ‘पिशवीला सूज आहे, काढून टाका’ असे सुचवते. हा लेख वाचून तुम्हाला तुमचे दुखणे नेमके ओळखता यावे, डॉक्टरांना नीट सांगता यावे आणि योग्य उपचार मागता यावेत, हा उद्देश आहे.

हे दुखणे किती जणींना असते?

डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. हा अभ्यास 1989 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तपासलेल्या स्त्रियांपैकी 92 टक्के स्त्रियांना जननेंद्रियांचा किमान एक आजार आढळला. पण त्याआधी कधीही स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या स्त्रिया केवळ 8 टक्के होत्या. म्हणजे आजार घरोघरी होता, फक्त कोणी विचारले नव्हते आणि कोणी सांगितले नव्हते. त्यामुळे ‘हे फक्त मलाच होते’ असे समजून गप्प राहू नका.

आधी हे ठरवा: कुठे दुखते आणि केव्हा दुखते?

कारण शोधण्यासाठी ही दोन उत्तरे सर्वात जास्त उपयोगी पडतात.

*सुरुवातीलाच, तोंडाशी दुखणे:* आत प्रवेश होतानाच आग होते, चिरल्यासारखे वाटते किंवा प्रवेशच होत नाही. याचे कारण बहुधा योनीच्या तोंडाशी, त्वचेत, टाक्यांच्या जागी किंवा तिथल्या स्नायूंत असते.

*आत खोलवर दुखणे:* प्रवेशाला त्रास नसतो, पण आत धक्का लागल्यावर ओटीपोटात कळ येते आणि ती नंतर काही तास राहते. याचे कारण बहुधा गर्भाशय, बीजकोश, गर्भनलिका, मूत्राशय किंवा आतड्यात असते.

याशिवाय पुढील गोष्टी आठवून ठेवा:

- दुखणे पहिल्या संबंधापासून आहे, की आधी नव्हते आणि आता सुरू झाले?
- दर वेळी दुखते, की पाळीच्या आसपास जास्त?
- बाळंतपण, गर्भपात, कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन, तांबी बसवणे किंवा नवीन औषध यानंतर सुरू झाले का?
- पांढरे जाणे, वास, खाज, लघवीला जळजळ, ताप किंवा संबंधानंतर रक्त जाणे यांपैकी काही आहे का?

तोंडाशी दुखण्याची कारणे

*कोरडेपणा.* हे सर्वात जास्त आढळणारे कारण आहे. मन आणि शरीर तयार होण्याआधीच संबंध झाला तर योनीत पुरेसा ओलावा येत नाही आणि घर्षणाने दुखते. एका खोलीच्या घरात, मुले शेजारी झोपलेली असताना, दिवसभर शेतात राबून आल्यावर घाईने उरकलेल्या संबंधात हे सहज घडते. यात स्त्रीचा दोष नसतो. शरीराला तयार व्हायला वेळ लागतो.

अंगावर पाजत असताना आणि पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी होते. त्यामुळे योनीचे अस्तर पातळ आणि कोरडे होते. दोन्ही बीजकोश काढलेल्या स्त्रीला हाच त्रास तरुण वयातही होतो.

*जंतुसंसर्ग.* बुरशीमुळे दह्यासारखे घट्ट पांढरे जाते आणि खूप खाज येते. इतर जंतूंमुळे पातळ, करड्या किंवा पिवळसर-हिरवट रंगाचा, वास येणारा स्राव जातो. मधुमेह असेल तर बुरशी पुन्हा पुन्हा होते, म्हणून अशा वेळी साखर तपासणे आवश्यक असते. थोडासा, पारदर्शक, बिनवासाचा स्राव मात्र नैसर्गिक आहे. तो आजार नाही.

*बाळंतपणातील टाके.* टाक्यांची जागा कडक राहणे, ताणली जाणे किंवा तिथे संसर्ग होणे यामुळे दुखते. बाळंतपणानंतर साधारण सहा आठवड्यांनी तपासणी करून घ्यावी. जखम भरली नसेल तर संबंध आणखी लांबवावेत.

*स्नायूंचे आपोआप आवळणे.* प्रवेशाच्या वेळी योनीभोवतीचे स्नायू इच्छा नसताना घट्ट होतात. याला ‘व्हजायनिस्मस’ म्हणतात. लग्नाला वर्षे होऊनही संबंध न झालेल्या जोडप्यांत हे पुष्कळदा आढळते. भीती, पहिल्या अनुभवातली वेदना, जबरदस्ती किंवा दुसऱ्या कारणाने होणारे दुखणे यामुळे हे सुरू होते. स्त्री हे मुद्दाम करत नाही आणि तिला ते ठरवून थांबवताही येत नाही.

*इतर कारणे.* योनीच्या तोंडाजवळची गाठ सुजणे, त्वचेचे आजार, जननेंद्रियांवरील नागीण, योनिपटल जाड असणे किंवा योनीत जन्मतः पडदा असणे. काही स्त्रियांत तपासणीत काहीच दिसत नाही, पण जागेला नुसता कापसाचा बोळा लागला तरी आग होते. हासुद्धा खरा आजार आहे आणि त्यावरही उपचार आहेत.

आत खोलवर दुखण्याची कारणे

*ओटीपोटातील संसर्ग.* योनीतील जंतू वर चढून गर्भाशय आणि नलिकांना सूज येते. ओटीपोटात दुखणे, वास येणारा स्राव आणि कधी ताप ही लक्षणे असतात. वेळेवर पूर्ण उपचार झाले नाहीत तर नलिका बंद होऊन मूल होण्यात अडचण येऊ शकते. आपल्याकडे जननेंद्रियांचा क्षयरोग हेही एक कारण लक्षात ठेवावे लागते.

*एंडोमेट्रिओसिस.* गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखे अस्तर बाहेर बीजकोशांवर किंवा ओटीपोटात वाढते. पाळीत असह्य दुखणे आणि संबंधाच्या वेळी आत कळ येणे ही जोडी असेल तर याचा विचार करावा. सुरुवातीच्या आजारात सोनोग्राफी नॉर्मल येऊ शकते.

*गाठी.* गर्भाशयातील फायब्रॉइड किंवा बीजकोशातील पाण्याची गाठ.

*इतर.* जुन्या ऑपरेशननंतर आतले अवयव एकमेकांना चिकटणे, अंग बाहेर येणे, मूत्रमार्गाचा संसर्ग आणि जुनाट बद्धकोष्ठता. उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असलेल्या गावांत, आणि शौचालय नसल्यामुळे शेतात दिवसभर लघवी रोखून धरणाऱ्या स्त्रियांत, पाणी कमी पिण्याची सवय लागते. त्यातून लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होऊ शकतो.

पुरुषांनाही दुखते

लिंगाची पुढची त्वचा मागे न जाणे, त्वचेखालची शीर आखूड असल्याने ताणली जाणे, मधुमेहात त्वचेला भेगा पडून जळजळ होणे, प्रोस्टेट ग्रंथीची सूज किंवा लिंगाला बाक येणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. या तक्रारींसाठी सर्जन, मूत्ररोगतज्ज्ञ किंवा त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. जाहिरातीतल्या ‘गुप्तरोग’ दवाखान्यात पैसे आणि वेळ घालवू नये.

मन आणि घरातले वातावरण

वेदना आणि भीती एकमेकींना वाढवतात. एकदा दुखले की पुढच्या वेळी शरीर आधीच आकसते, ओलावा येत नाही आणि आणखी दुखते. दिवस जाण्याची भीती, दारू पिऊन आलेला नवरा, घरातले ताणतणाव, नैराश्य यांचाही परिणाम होतो. ‘मनाचे आहे’ म्हणजे ‘खोटे आहे’ असा अर्थ नव्हे.

मराठवाड्यात अजूनही मुलींची लग्ने 18 वर्षांच्या आत होतात. लहान वयात, काही माहिती नसताना आणि नकार देण्याची सोय नसताना झालेले संबंध वेदनेचे कारण होतात. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2017 मध्ये स्पष्ट केले आहे, की 18 वर्षांखालील पत्नीशी शरीरसंबंध हा बलात्काराचा गुन्हा आहे. वय काहीही असो, पत्नीवर लैंगिक जबरदस्ती हा 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात छळाचाच प्रकार मानला आहे.

डॉक्टर काय तपासतात?

आधी प्रश्न विचारले जातात. नंतर पोट तपासतात. मग बाहेरून जागा पाहतात, आतल्या तपासणीत एक उपकरण घालून गर्भाशयमुख पाहतात आणि हाताने गर्भाशय व बीजकोश तपासतात. या तपासणीला साधारण काही मिनिटे लागतात. लक्षात ठेवा:

- तपासणी तुमच्या संमतीनेच होते. दुखल्यास ‘थांबा’ म्हणण्याचा हक्क तुम्हाला आहे.
- स्त्री डॉक्टर मागता येतात. पुरुष डॉक्टर असतील तर सोबत नर्स असायला हवी.
- बोलताना एकटीने बोलायचे असेल तर ‘मला डॉक्टरांशी थोडे एकटीने बोलायचे आहे’ एवढे सांगा.
- प्रवेशाची फार भीती असेल तर पहिल्याच भेटीत आतली तपासणी करणे गरजेचे नसते.

गरजेनुसार लघवी, रक्तातील साखर, स्रावाची तपासणी आणि सोनोग्राफी सांगितली जाते. 30 वर्षांवरील स्त्रियांसाठी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची साधी चाचणी शासकीय आरोग्य केंद्रांत करतात. गर्भाशयमुखाला सौम्य ॲसिटिक ॲसिड लावून पांढरे डाग दिसतात का, हे पाहिले जाते. त्रास नसला तरी ही चाचणी करून घ्यावी.

डॉक्टरांसमोर शब्द सुचत नसतील तर एवढे एक वाक्य पुरते: ‘संबंधाच्या वेळी मला दुखतं, तोंडाशी (किंवा आत) दुखतं, आणि इतक्या महिन्यांपासून दुखतं.’ बोलवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या.

उपचार

उपचार कारणावर अवलंबून असतो. सगळ्यांना एकच गोळी लागू पडत नाही.

*संसर्ग:* जंतूनुसार गोळ्या किंवा योनीत ठेवायच्या गोळ्या देतात. कोर्स पूर्ण करावा. लैंगिक संबंधातून पसरणारा संसर्ग असेल तर नवऱ्यालाही उपचार घ्यावे लागतात, नाहीतर आजार परत येतो. दोघांचे औषध संपेपर्यंत संबंध टाळावेत. जागा धुण्यासाठी साधे पाणी पुरे. डेटॉल, साबणाचे पाणी किंवा तुरटी आत घालू नये.

*कोरडेपणा:* पाण्याचा अंश असलेले वंगण जेल औषधाच्या दुकानात मिळते. खोबरेल तेल वापरता येते, पण निरोधबरोबर नाही, कारण तेलामुळे निरोध फाटू शकतो. पाळी गेलेल्या स्त्रियांना योनीत लावायचे इस्ट्रोजेन क्रीम चांगले लागू पडते. ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. स्तनाचा कर्करोग झाला असेल तर तसे आधी सांगावे.

*टाक्यांचे दुखणे:* जखम भरल्यावर त्या जागी तेलाने हलका मसाज आणि ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम उपयोगी पडतात. क्वचित लहान शस्त्रक्रिया लागते.

*स्नायू आवळणे:* यात जबरदस्तीने किंवा दारू, झोपेची गोळी देऊन संबंध करू नये. त्याने आजार वाढतो. खोल श्वास घेत स्नायू सैल सोडायला शिकणे, मग वंगण लावून स्वतःचे बोट, नंतर लहान ते मोठ्या आकाराचे डायलेटर असा टप्प्याटप्प्याने सराव केला जातो. पूर्ण उपचार होईपर्यंत प्रवेशाचा प्रयत्न थांबवतात. समुपदेशन आणि नवऱ्याची साथ असेल तर बहुतेक जोडप्यांना चांगला फरक पडतो.

*एंडोमेट्रिओसिस आणि गाठी:* वेदनाशामक, संप्रेरकांच्या गोळ्या आणि गरज पडल्यास दुर्बिणीतून शस्त्रक्रिया. प्रत्येक गाठ काढावी लागत नाही. बीजकोशातील अनेक साध्या गाठी आपोआप विरतात.

*आत दुखत असेल तर घरी काय करावे:* प्रवेश किती खोल व्हावा हे स्त्रीला ठरवता येईल अशी स्थिती निवडावी. संबंधाआधी लघवी करून घ्यावी. दुखले की थांबावे. तपासणी होईपर्यंत प्रवेशाशिवायची जवळीक ठेवता येते.

‘पिशवी काढली की दुखणे थांबेल’ हे खरे आहे का?

बहुतेक वेळा नाही. मंठा, घनसावंगी, परतूर, अंबड या तालुक्यांतून अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. कोयत्यावर असताना एक खाडा झाला तरी पैसे कापले जातात, तिथे शौचालय नसते आणि औषधाचा कोर्स अर्धवट राहतो. त्यामुळे पांढरे जाणे आणि ओटीपोटाचे दुखणे ‘कायमचे मिटवायचे’ म्हणून गर्भाशय काढण्याकडे कल होतो. शेजारच्या बीड जिल्ह्यात 2019 मध्ये ऊसतोड करणाऱ्या 82,309 स्त्रियांचे सर्वेक्षण झाले. त्यात 13,861 स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. या प्रश्नाच्या चौकशीसाठी डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समितीही नेमली होती.

योनीतला संसर्ग, कोरडेपणा, स्नायूंचे आवळणे, टाक्यांचे दुखणे यांपैकी एकही आजार गर्भाशयात नसतो. म्हणून गर्भाशय काढल्याने तो बरा होत नाही. सोबत बीजकोशही काढले तर पाळी जाण्याची लक्षणे एकदम सुरू होतात, हाडे लवकर ठिसूळ होतात आणि कोरडेपणा वाढून संबंधाच्या वेळचे दुखणे उलट वाढू शकते. कर्करोग, औषधांना न जुमानणारा रक्तस्राव, मोठ्या त्रासदायक गाठी अशा काही आजारांत हे ऑपरेशन आवश्यक असते. पण कोणी ते सुचवले तर पुढील प्रश्न विचारा:

- माझ्या आजाराचे नाव काय? ते कोणत्या तपासणीत दिसले?
- औषधाने किती दिवस प्रयत्न केला? दुसरा उपचार आहे का?
- बीजकोश ठेवणार की काढणार?
- ऑपरेशन लगेच करणे गरजेचे आहे का? मी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेऊन येऊ का?

‘सोनोग्राफीत पिशवीला सूज’ एवढ्यावर गर्भाशय काढू नये.

ताबडतोब दवाखान्यात कधी जावे?

- पाळी चुकलेली असताना ओटीपोटात एका बाजूला अचानक जोरात दुखणे, चक्कर येणे. गर्भ नलिकेत असू शकतो. 108 वर रुग्णवाहिका बोलवा.
- थंडी-ताप आणि ओटीपोटात खूप दुखणे.
- संबंधानंतर न थांबणारा रक्तस्राव.

संबंधानंतर वारंवार थोडे रक्त जात असेल, किंवा पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसले, तर न दुखताही काही दिवसांतच तपासणी करून घ्यावी. ही गर्भाशयमुखाच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगाची सुरुवात असू शकते आणि सुरुवातीला तो बरा होतो.

जालना जिल्ह्यात कुठे जावे?

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून करता येते. आशाताईंना एवढेच सांगितले तरी चालते, की ‘बाईच्या डॉक्टरला दाखवायचंय’. त्यापुढे तालुक्याचे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, जालना शहरातील शासकीय स्त्री रुग्णालय आणि जिल्हा सामान्य रुग्णालय आहे. अधिक तपासण्या किंवा मोठी शस्त्रक्रिया लागल्यास छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयात, म्हणजे घाटीत, पाठवले जाते.

शासकीय रुग्णालयांतील ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये लैंगिक संसर्गाची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात आणि माहिती गुप्त ठेवली जाते. मानसिक ताणासाठी टेलिमानसचा क्रमांक 14416 आहे. घरात जबरदस्ती किंवा मारहाण होत असेल तर महिला मदतवाहिनी 181 वर फोन करा.

ऊसतोडीला किंवा कामासाठी बाहेर जायचे असेल तर जाण्याआधी तपासणी उरकून घ्या. औषधाचा पूर्ण कोर्स आणि केसपेपर सोबत ठेवा, म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यातल्या डॉक्टरांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

नवऱ्यासाठी दोन शब्द

बायको टाळते याचा अर्थ तिला तुम्ही नकोसे झालात असा नाही. तिला दुखत असेल. ‘दुखतं का?’ असे विचारा, दुखत असेल तर थांबा आणि तिच्यासोबत दवाखान्यात जा. स्वतःची तपासणी सांगितली तर ती करून घ्या. अनेक जोडप्यांत एवढ्यानेच निम्मे काम होते.

उपचार सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांत काहीच फरक पडला नाही तर औषध सोडून घरी बसू नका, परत दाखवायला या. पहिले निदान प्रत्येक वेळी पूर्ण असतेच असे नाही आणि दोन कारणे एकत्रही असू शकतात. दुखणे सहन करणे हा संसाराचा भाग नाही. त्यासाठी डॉक्टरांकडे जाणे हे ताप आल्यावर जाण्याइतकेच साधे आहे.